वारसा आडवाही येतो : मुंबईतल्या अकरावी-बारावीच्या जीवशास्त्र शिक्षकांना खुले पत्र

सहकारी शिक्षक-शिक्षिकांनो,

सप्रेम नमस्कार.

मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा आपण दरवर्षी शिकवतो. गोल दाणा प्रभावी, सुरकुतलेला अप्रभावी, दुसऱ्या पिढीत तीनास एक. मुले चौकटी भरतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण तो वाटाणा सुरकुततो कशामुळे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. खरे तर त्याचे उत्तर १९९० सालापासून छापील आहे. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेतल्या संशोधकांनी ते शोधले. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारे एक विकर असते. ते ज्या जनुकामुळे तयार होते, त्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा येऊन बसला आहे. त्यामुळे जनुक बिघडते, स्टार्च कमी बनतो, साखर साठते, साखरेपायी दाण्यात पाणी जास्त शिरते आणि दाणा वाळला की साल सैल पडून सुरकुत्या येतात. हा तुकडा फिरत्या डीएनएच्या, म्हणजे जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या, घराण्यातला आहे. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांना मक्यात जे सापडले आणि ज्यासाठी १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळाले, तेच हे घराणे.

म्हणजे आनुवंशिकतेचा पहिला धडा ज्या दाण्यावर उभा आहे, त्या दाण्यातच फिरता डीएनए बसलेला आहे. माझे पत्र त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल आहे. हा डीएनए एका झाडाच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, जागा बदलून थांबत नाही. तो एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीतही गेलेला आहे. आईबापांकडून येतो तो उभा वारसा, आणि हा आडवा. परागीकरण न होता, संकर न होता, ज्यांचा एकमेकांशी संकर होणे शक्यच नाही अशा वनस्पतींमध्ये गेला आहे. याचे पुरावे गेली वीस वर्षे जमत आहेत. मुंबईतल्या कॉलेजांमधून बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या कानावर हे आलेलेच नसते. आपण ते सांगावे, येत्या वर्षापासून सांगावे, अभ्यासक्रमात येईपर्यंत थांबू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

फिरता डीएनए कसा फिरतो हे तुम्हाला माहीत आहे. मुलांना सांगताना मात्र त्याचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. एक प्रकार स्वतःला कापून घेतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. दुसरा मूळ जागेवरच राहतो, स्वतःची आरएनए प्रत काढतो, त्या प्रतीवरून पुन्हा डीएनए तयार करवतो आणि ती नवी प्रत दुसरीकडे बसवतो. हा रेट्रोट्रान्स्पोझॉन. यात मूळ प्रत कायम राहत असल्यामुळे संख्या वाढतच जाते. मक्याचा जीनोम २००९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अशा तुकड्यांचा निघाला. पावसात चौपाटीवर आपण जे कणीस खातो, त्याच्या प्रत्येक दाण्यात मक्याच्या ‘नेहमीच्या’ जनुकांपेक्षा हे फिरस्तेच कितीतरी जास्त असतात. माणसाच्या जीनोममध्येही जवळपास निम्मा भाग अशाच तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे.

यांना नुसता कचरा म्हणून सोडून देऊ नये. फेब्रुवारीत, नेमक्या बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, नाशिकची द्राक्षे दादरच्या बाजारात येतात. हिरवी आणि काळी शेजारी शेजारी मांडलेली असतात. हिरव्या द्राक्षांच्या जवळजवळ सगळ्या वाणांत, सालीला रंग आणणारी यंत्रणा चालू करणाऱ्या एका जनुकाच्या तोंडाशी ग्रेट-वन नावाचा रेट्रोट्रान्स्पोझॉन बसलेला आहे. जपानी संशोधकांनी २००४ साली ते दाखवून दिले. मुलांना हे सांगितले की त्यांचा चेहरा बदलतो, कारण ती द्राक्षे त्यांनी आदल्या दिवशी खाल्लेली असतात.

पण वाटाणा काय आणि द्राक्ष काय, ही घरातल्या घरातली हालचाल झाली. कुंपण ओलांडल्याचे उदाहरण आपल्याला भात आणि राळा यांच्यात मिळते.

राळा आता मुंबईत ‘मिलेट’ म्हणून महागड्या पाकिटांत मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत मात्र भोगीला राळ्याचा भात होतोच. भात आणि राळा दोन्ही गवताच्या कुळातले. त्यांच्या वाटा काही कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॅमन लिश आणि मायकेल फ्रीलिंग यांनी, चिनी शास्त्रज्ञ श्यानमिन द्याओ यांच्यासह, २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ‘म्यूटेटर’ घराण्यातला एक ट्रान्स्पोझॉन (फिरत्या डीएनएचा तुकडा) भाताच्या आणि राळ्याच्या प्रजातींमध्ये इतका सारखा आहे, की तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजाकडून दोघांकडे आला असणे शक्यच नाही, असे त्यांनी दाखवले. तो मध्येच कधीतरी एकीकडून दुसरीकडे गेला. दोन वनस्पतींच्या केंद्रकातल्या डीएनएच्या बाबतीत ट्रान्स्पोझॉनच्या अशा आडव्या प्रवासाचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो.

हे कशावरून म्हणता येते, तो भाग शिकवायला मला सर्वांत जास्त आवडतो, कारण आपण सगळे पेपर तपासतो. दोन वेगवेगळ्या केंद्रांवरच्या दोन उत्तरपत्रिका समोर येतात. अक्षर वेगळे, उत्तरे वेगळी, चुका वेगळ्या. पण मधला एकच परिच्छेद शब्दाला शब्द सारखा, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. बरोबर उत्तर सारखे असले तर आपण काही म्हणत नाही, कारण बरोबर उत्तर एकच असते. चुका सारख्या निघाल्या की मात्र शंका उरत नाही. डीएनएमध्ये हे काम तिसरे अक्षर करते. तीन अक्षरांच्या संकेतातले तिसरे अक्षर बदलले तरी बऱ्याचदा तेच अमिनो आम्ल येते. प्रथिनाला काही फरक पडत नाही, म्हणून नैसर्गिक निवड तिकडे फारसे लक्ष देत नाही आणि असे बदल काळाबरोबर साचत जातात. भात आणि राळा यांच्या नेहमीच्या जनुकांत हे मूक बदल भरपूर साचले आहेत. या एका ट्रान्स्पोझॉनमध्ये मात्र ते अगदी थोडे आहेत. एकाच अमिनो आम्लाला अनेक संकेत असणे, ‘डीजनरसी’ म्हणून आपण जे एका ओळीत उरकतो, त्याचा इतका सुंदर उपयोग दुसरा नाही.

याच्या जोडीला आणखी दोन खुणा पाहतात. हा तुकडा जवळच्या नातलग प्रजातींमध्ये नसतो आणि लांबच्या एखाद्या प्रजातीत अचानक सापडतो. शिवाय त्या तुकड्याची वंशावळ काढली तर ती वनस्पतींच्या वंशावळीशी जुळत नाही. तिन्ही खुणा एकत्र आल्या की दावा भक्कम होतो.

ही एखाददुसरी विचित्र घटना असेल, असे २००६ साली म्हणता आले असते. २०१४ नंतर ती सोय राहिली नाही. फ्रान्समधल्या पेर्पिन्याँ विद्यापीठातल्या ओलिव्हिए पानो यांच्या गटाने प्रमुख वनस्पतिकुळांमधले ४० जीनोम घेतले आणि त्यांत विलक्षण सारखे असे रेट्रोट्रान्स्पोझॉन शोधले. २६ जीनोममध्ये आडव्या प्रवासाचे निदान एक तरी उदाहरण सापडले. एकूण ३२ प्रकरणे. त्यातल्या जोड्या पाहा : ताडकुळातले झाड आणि द्राक्षाचा वेल, टोमॅटो आणि घेवडा, पॉप्लर आणि पीच. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेतेरा हजार वंशांना (जेनेरांना) हाच हिशेब लावला तर अशा प्रवासांची संख्या २० लाखांच्या वर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. हे २० लाख प्रवास कोट्यवधी वर्षांत विखुरलेले आहेत हे मुलांना त्याच दमात सांगावे लागते, नाहीतर उद्या सकाळी टोमॅटोला शेंगा लागतील अशी कल्पना करून घेतात.

नेहमीच्या जनुकांपेक्षा फिरता डीएनएच इतका का सरकतो, याचे उत्तर मला सगळ्या विषयातले सर्वांत समाधान देणारे वाटते. वनस्पती अशा तुकड्यांना मोकळे सोडत नाही. छोट्या आरएनएंच्या मदतीने ती त्यांना ओळखते, त्यांच्यावर मिथाइल गट चढवते आणि गप्प करते. गप्प बसलेला ट्रान्स्पोझॉन प्रती काढू शकत नाही. त्यात हळूहळू बिघाड साचतात आणि लाखो वर्षांत तो निकामी होतो. जुन्या घरात त्याला भवितव्य नसते. पण त्याची एक चालू प्रत नव्या प्रजातीत पोचली, तर तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते. तो भराभर प्रती काढतो. पेर्पिन्याँच्या गटाला आढळले, की हे तुकडे नव्या घरात गेल्यावर कार्यक्षम राहिले आणि काही ठिकाणी त्यांची संख्या एकदम उसळली. कालांतराने नवी वनस्पतीही त्यांना ओळखायला शिकते. तोवर ते पुढे कुठे गेलेले असले तर टिकतात. शिवाय स्वतःला जीनोममध्ये बसवण्याची अवजारे त्यांच्याजवळ असतातच. साध्या जनुकाला हे दोन्ही फायदे नाहीत.

हा डीएनए जातो कोणत्या वाटेने? बहुतेक प्रकरणांत नेमका वाहक सिद्ध झालेला नाही. विषाणू, बुरशी, रस शोषणारे कीटक अशा शक्यता मांडल्या जातात. पण जिथे दोन वनस्पती एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या असतात, तिथला पुरावा पक्का आहे, आणि तो आपल्या ओळखीच्या वनस्पतींमध्ये आहे.

ज्वारीच्या शेतातला टारफुला घ्या. तुमच्या वर्गात सोलापूरकडची, मराठवाड्यातली मुले असतील तर त्यांच्या आजोबांना विचारायला सांगा. ज्वारीच्या मुळांना चिकटून जगणारे हे तण त्यांनी नक्की उपटलेले असेल. त्याच टारफुल्याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदाच्या केंद्रकात ज्वारीकडून आलेले एक जनुक आहे, हे जपानी संशोधकांनी २०१० साली दाखवले. टारफुला द्विदल, ज्वारी एकदल. दुसरी आपली अमरवेल. पिवळी, पाने नसलेली, कुंपणाच्या झुडपांवर शेवयांसारखी पसरलेली. सातवीच्या पुस्तकापासून आपण तिची चूषक मुळे शिकवतो. त्या चूषक मुळांतून नुसते पाणी आणि अन्न जात नाही. अमरवेल आणि तिला आश्रय देणारी वनस्पती यांच्यात हजारो प्रकारच्या संदेशवाहक आरएनएंची दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण होते, हे २०१४ साली अमेरिकेत दाखवले गेले. २०१९ साली एका अमरवेलीच्या जीनोममध्ये आश्रय देणाऱ्या वनस्पतींकडून आलेली १०८ जनुके मोजली गेली, आणि ती तिथे कामही करत असल्याची चिन्हे आहेत. मुंबईतल्या जुन्या आंब्यांवर बांडगूळ असतेच. त्याच्याकडे बोट दाखवून दोन वनस्पतींच्या ऊती कशा जुळतात हे समजावता येते. मात्र राष्ट्रीय उद्यानातून किंवा आरेतून काही तोडून आणायला मुलांना सांगू नका. बघितले तरी पुरते.

कलमाचेही तसेच. कोकणात ज्यांचे घर आहे त्यांना हापूसचे कलम समजावून सांगावे लागत नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत राल्फ बोक यांच्या गटाने तंबाखूच्या दोन वेगळ्या झाडांची कलमे बांधली. जोडाच्या जागी हरितलवकातली जनुके एका वनस्पतीच्या पेशीतून दुसरीच्या पेशीत गेलेली त्यांना २००९ साली दिसली. २०१४ साली तर तंबाखूच्या दोन वेगळ्या प्रजातींच्या कलमात अख्खे केंद्रकीय जीनोम सरकले आणि त्या पेशींपासून दोन्ही प्रजातींची गुणसूत्रे असलेली नवी वनस्पती वाढली. हे सगळे जोडाच्या थोड्याशा पेशींपुरते असते, म्हणून रत्नागिरीतला हापूस हापूसच राहतो. मुले हा प्रश्न हमखास विचारतात, उत्तर तयार ठेवा.

इथेच वनस्पती आणि प्राणी यांच्यातला एक फरक सांगायची संधी मिळते. बहुतेक प्राण्यांमध्ये जननपेशी भ्रूणावस्थेतच बाजूला काढलेल्या असतात. हाताच्या पेशीत परका डीएनए शिरला तरी तो पुढच्या पिढीत जात नाही. झाडाचे फूल मात्र त्याच वाढणाऱ्या शेंड्यातून येते, ज्यातून कालपर्यंत पाने येत होती. एखाद्या फांदीच्या शेंड्यातल्या पेशीत काही शिरले, तर ते बीपर्यंत पोचायला वाट मोकळी असते. प्रजननाचा धडा आणि आनुवंशिकतेचा धडा इथे आपोआप जोडले जातात, वेगळा तास लागत नाही.

अकरावीतला प्रकाशसंश्लेषणाचा सी-फोर मार्गही असाच जोडता येईल. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात वाढणारे अ‍ॅलोटेरॉप्सिस नावाचे एक गवत आहे. २०१९ साली त्याच्या जीनोममध्ये इतर गवतांकडून आलेली ५९ जनुके सापडली. त्याआधीच, २०१२ साली, असे दिसले होते की सी-फोर मार्गातली काही महत्त्वाची विकरे बनवणारी जनुके या गवताने दुसऱ्या गवतांकडून मिळवलेली आहेत. ऊस, मका, ज्वारी शिकवताना ही एक ओळ घातली तर उत्क्रांतीकडे बघायची मुलांची नजर बदलेल.

आता ज्या कारणासाठी मला हे पत्र खुले लिहावेसे वाटले, त्याबद्दल.

बारावीत आपण जैवतंत्रज्ञान शिकवतो. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आपला डीएनए वनस्पतीत घालतो आणि शास्त्रज्ञांनी ती युक्ती उचलली, इथपर्यंत. मग जिवाणूचे जनुक घातलेला बीटी कापूस येतो, आणि वर्गात हात वर होतो : हे निसर्गाविरुद्ध नाही का? अशा वेळी आपल्यातले काही जण ‘हो, निसर्गात असे कधी होत नाही’ म्हणून मोकळे होतात. हे चूक आहे. २०१५ साली बेल्जियममधले गेन्ट विद्यापीठ आणि पेरूमधले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या संशोधकांनी लागवडीखालच्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले. त्या सगळ्यांमध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए सापडला. तो कोणत्याही प्रयोगशाळेत घातलेला नव्हता, आणि त्यातली जनुके रताळ्यात चालूही होती. आषाढी एकादशीला आपण जे रताळे उकडून खातो, त्यात जिवाणूची जनुके आहेत आणि ती हजारो वर्षांपासून आहेत.

पण हे रताळे हातात घेऊन काही जण दुसरीकडेच पळत सुटतात : निसर्गच जनुके इकडची तिकडे करतो, मग परवानग्या, चाचण्या, नियम कशाला? हेही तितकेच चूक आहे, आणि माझ्या मते जास्त घातक आहे. रताळे सुरक्षित आहे हे आपण ते इतकी शतके खाल्ल्यामुळे म्हणतो, त्यात जिवाणूचा डीएनए नैसर्गिकपणे आला म्हणून नव्हे. निसर्गात जनुके सरकतात म्हणून अमुक एक जनुक अमुक एका पिकात घालणे निर्धोक, असे अनुमान निघत नाही. ते जनुक काय बनवते, ते खाणाऱ्यावर आणि शेतातल्या किड्यांवर काय परिणाम होतो, बियाणे कोणाच्या मालकीचे, शेतकऱ्याला ते राखून पेरता येते का, हे प्रश्न रताळ्याने सुटत नाहीत.

भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. बीटी वांग्यावर २०१० साली स्थगिती आली. जीएम (जनुके बदललेल्या) मोहरीला २०२२ साली पर्यावरणीय परवानगी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर वेगवेगळे निकाल दिले. हा वाद संपलेला नाही, आणि आज आपल्या समोरच्या बाकावर बसलेली मुले त्यात मत देणार आहेत. ‘नैसर्गिक’ आणि ‘अनैसर्गिक’ या दोन खोक्यांत वाद टाकला की खरे प्रश्न बाहेरच राहतात. तो घोळ निदान आपल्या वर्गात तरी होऊ नये.

याच संदर्भात वेगाचा फरक जरूर सांगा. शेतातल्या पिकाचे जनुक परागकणांवाटे शेजारच्या जंगली भावंडात जाणे ही एका हंगामात घडू शकणारी गोष्ट आहे, आणि धोरण ठरवताना ती आधी बघावी लागते. तो उभाच वारसा आहे, संकरातून येणारा. आडवा प्रवास त्यामानाने फार दुर्मीळ, भूवैज्ञानिक काळात मोजायचा. दोन्हींना ‘जनुके पसरतात’ या एकाच वाक्यात गुंडाळले की मुलांचा गोंधळ होतो, आणि मोठ्यांचाही.

काही मुले घाबरतात : मग आपण खाल्लेल्या भाजीची जनुके आपल्यात शिरतात का? त्यांना शांतपणे सांगावे, की आपल्या प्रत्येक घासात असंख्य पेशींचा डीएनए असतो, पचनात त्याचे तुकडे होतात, आणि माणूस शेती सुरू होण्याच्याही आधीपासून तो खात आला आहे. वनस्पतीकडून प्राण्याकडे जनुक गेल्याचे एक चांगले उदाहरण आहे, ते कापसावरच्या पांढऱ्या माशीचे. वनस्पती स्वसंरक्षणासाठी जी विषारी द्रव्ये बनवतात, त्यांचा उतारा असलेले जनुक या माशीकडे आहे आणि ते तिला वनस्पतीकडूनच मिळाले आहे, हे २०२१ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले. आयुष्यभर वनस्पतींचा रस पिणाऱ्या, दर वर्षी कित्येक पिढ्या होणाऱ्या किड्यांत, लाखो वर्षांच्या हिशेबात घडलेली ही गोष्ट आहे. घाबरण्यापेक्षा थक्क होण्यासारखी.

शंका घेणेही याच विषयातून शिकवता येते. २०१५ साली टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोमचा सहावा हिस्सा इतर जीवांकडून आलेला आहे, असा दावा गाजला. काही दिवसांतच एडिंबराच्या गटाने त्याच प्राण्याचा जीनोम स्वतंत्रपणे वाचून दाखवले, की त्यातले बहुतेक ‘परके’ तुकडे नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंचे होते. आडव्या प्रवासाचा कोणताही दावा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : नमुना स्वच्छ होता का? बारावीच्या मुलांना हा प्रश्न समजतो. त्यांना तो आवडतोही.

पोर्शन संपत नाही, हे मला माहीत आहे. नीट आणि सीईटीला हे विचारत नाहीत, असे पालक सांगतात आणि ते बरोबर सांगतात. मी जादा तास मागत नाही. मेंडेलच्या धड्यात वाटाण्याबद्दल तीन वाक्ये, चूषक मुळांच्या आकृतीखाली एक ओळ, अ‍ॅग्रोबॅक्टेरियमबरोबर रताळे. आणि उत्क्रांतीचा वृक्ष फळ्यावर काढाल तेव्हा दोन दूरच्या फांद्यांमध्ये तुटक रेषा. कोणी विचारले की ही रेषा कसली, तर तिथेच पाच मिनिटे थांबा.

ज्यांच्याकडे संगणक-कक्ष आहे त्यांना एक प्रात्यक्षिक सुचवते. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर जनुकांचे क्रम कोणालाही फुकट मिळतात, आणि ते जुळवून बघण्याची ब्लास्ट ही सोयही फुकट आहे. मोबाइलवरही चालते. भाताचे एखादे साधे जनुक घेऊन राळ्याशी, ज्वारीशी, मक्याशी जुळवायचे आणि प्रत्येकाचा सारखेपणा टक्क्यांत लिहायचा. मग राळा, ज्वारी आणि मका भातापासून जवळपास सारखेच लांब का दिसतात, ते मुलांनीच सांगायचे. साध्या जनुकांत किती फरक असतो हे एकदा हाताने मोजले, की एखादा तुकडा त्याहून कितीतरी जास्त सारखा निघणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुंबईत विज्ञान शाखा इंग्रजीतून चालते, पण तास संपल्यावर टेबलापाशी येऊन विचारलेल्या शंका बऱ्याचदा मराठीत असतात. म्हणून या सगळ्याची टिपणे मी मराठीत तयार करते आहे : वाटाणा, द्राक्ष, भात-राळा, अमरवेल, रताळे आणि ब्लास्टचे प्रात्यक्षिक. तुमच्यापैकी ज्यांनी सी-फोर किंवा पांढऱ्या माशीवर वर्गात काही करून पाहिले असेल, त्यांनी ते त्यात घालावे. दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या शनिवारी दुपारी, ज्याच्या कॉलेजची प्रयोगशाळा मोकळी असेल तिथे जमू. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत असा एक वर्ग घेता येईल का, हेही आपण मिळून विचारू. येताना तुमच्या मुलांनी विचारलेला, तुम्हाला उत्तर देता न आलेला एक तरी प्रश्न लिहून आणा.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक सहकारी शिक्षिका
मुंबई